शेर नदीकाठची पाहुणी

फ्रेंच शिकवणाऱ्या आमच्या बाईंचा दोन क्रियापदांवर फार भर असे. एक ‘एत्र्’, म्हणजे असणे, आणि दुसरं ‘आव्वार’, म्हणजे जवळ असणे, मालकीचं असणे. ‘ही दोन पक्की झाली की निम्मी भाषा आली,’ असं त्या म्हणत. रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गात संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली आम्ही ही रूपं घोकत असू. मराठी माणसाला पहिलं सोपं जातं, दुसरं अडतं. कारण आपल्याकडे ‘आव्वार’ला क्रियापदच नाही. आपल्याला भाऊ असतो, ताप असतो, घर असतं आणि परीक्षाही असते. ‘असणे’ या एकाच खुंटीवर आपण सगळे कपडे टांगतो. हे व्याकरण आठवण्याचं कारण म्हणजे, मी आयुष्यात जे सगळ्यांत लांबलेलं खोटं बोलले, त्याची सुरुवात याच क्रियापदापासून झाली.

गोष्ट १९८१ची. मी बावीस वर्षांची होते, बी.कॉम. झाले होते, बँकांच्या परीक्षा देत होते आणि हौस म्हणून फ्रेंच शिकत होते. एका संस्थेची योजना होती. इथल्या मुलीनं उन्हाळ्यात सहा आठवडे फ्रान्समधल्या एका कुटुंबात राहायचं आणि पुढच्या वर्षी त्या घरच्या मुलीनं इथे यायचं. राहण्या-जेवण्याचा खर्च ज्या त्या यजमानाचा, तिकिटाचा निम्मा भार संस्थेचा, उरलेला आपला. बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं, आईच्या पाटल्या सराफाकडे गेल्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे परकीय चलन तेव्हा अगदी मोजून मिळे. पुढे बँकेत मी काही वर्षं परकीय चलनाच्या टेबलावर बसले आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या, फॉर्म भरताना घामाघूम झालेल्या बापांकडे पाहिलं, की मला बाबांचा स्वच्छ धुतलेला, कोपरावर विरलेला शर्ट आठवे.

जूनच्या अखेरीस मी पॅरिसला उतरले, ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून गाडी पकडली आणि तूर शहराजवळच्या सॅं-पिएर-दे-कोर या मोठ्या जंक्शनवर उतरले. यजमान स्वतः तिथल्याच रेल्वेत नोकरीला. घर मात्र तिथून लांब, शेर नावाच्या नदीकाठी, शेनोंसो या प्रसिद्ध राजवाड्याजवळच्या एका खेड्यात. हा ‘शेर’ आपल्या वाघ-सिंहांतला नव्हे. याच उच्चाराच्या दुसऱ्या एका फ्रेंच शब्दाचे दोन अर्थ आहेत, ‘प्रिय’ आणि ‘महाग’. नदीशी त्याचा काही संबंध नाही, पण मला ती नदी दोन्ही अर्थांनी लक्षात राहिली.

घरात चौघं. यजमान, त्यांची बायको, माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेली त्यांची मुलगी आणि यजमानांची आई. आजीला सगळे ‘मेमे’ म्हणत. मुलगी माझी ‘कॉरेस्पाँदाँत’, म्हणजे अदलाबदलीतली जोडीदारीण. तिला मी इथे नुसतं ‘मैत्रीण’ म्हणेन.

पहिला प्रश्न आला हाका मारण्याचा. यजमानीणबाई म्हणाल्या, मला नावानं हाक मार. माझी जीभ काही वळेना. आईच्या वयाच्या बाईला नावानं कशी हाक मारायची? मी म्हटलं, आमच्याकडे अशा बाईंना ‘काकू’ म्हणतात. त्यांना हे फार आवडलं. मग मुलीनं विचारलं, ‘आणि बाबांना काय म्हणशील?’ मी म्हटलं, ‘काका’. जेवणाच्या टेबलावर क्षणभर शांतता, आणि मग असा हशा उसळला की मेमेला ठसका लागला. फ्रेंचमध्ये ‘काका’ हा तान्ह्या मुलांच्या शीचा शब्द आहे! त्यामुळे काकू काकू झाल्या, आणि काका बिचारे शेवटपर्यंत ‘मस्य’च राहिले.

दुसरा घोळ ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा. वर्गात आम्हाला शिकवलं होतं की वडीलधाऱ्यांना ‘वू’ म्हणायचं. इथे तर मुलगी बापाला खुशाल ‘तू’ म्हणत होती. मी मनात म्हटलं, काय ही मुलं! पण चार दिवसांनी लक्षात आलं, की काकू आपल्या सासूला, पंचवीस वर्षं एका छपराखाली राहून, ‘वू’च म्हणतात. हे ऐकल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आणि जेवण. मी शाकाहारी. आज पॅरिसच्या हॉटेलांत शाकाहारी थाळी मागणं सोपं आहे. १९८१मध्ये फ्रान्सच्या खेड्यात तो शब्द एखाद्या आजाराच्या नावासारखा वाटे. काकूंनी पहिल्या दिवशी प्रेमानं केलेल्या सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे होते. ‘हे मांस नाही, हे नुसतं चवीला,’ त्या म्हणाल्या. त्यानंतर मात्र त्यांनी माझ्यासाठी बटाटे, श्रावणघेवडा, अंडं न घालता केलेले पदार्थ असं काय काय शोधून काढलं. मला खरं तारलं ते बकरीच्या दुधाच्या चीजनं. त्या भागात सॅंत-मोर नावाचं, लांबट ओंडक्यासारखं चीज होतं. वरून राखेचा थर आणि आत आरपार एक गवताची काडी. गोड पदार्थाच्या आधी चीज खायचं, ही त्यांची रीत. मी ते आवडीनं खाई. चीज लावायला वासराच्या पोटातला एक पदार्थ वापरतात हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. आईला मी ते सांगितलं नाही. पण मी म्हणते ते खोटं हे नव्हे.

ते दुसऱ्याच रात्री घडलं. उन्हाळ्यात तिथे दहा वाजेपर्यंत उजेड असतो. जेवण तासभर चाललेलं. मस्य पावानं ताटली पुसत होते (आपण बोटानं पुसतो, ते पावानं पुसतात, उद्देश एकच) आणि त्यांनी विचारलं, ‘तुझे वडील काय करतात?’

बाबा छापखान्यात खिळे जुळवत. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. मला म्हणायचं होतं, बाबांचं छापखान्यात काम आहे. मराठीतलं ‘आहे’ मनात, फ्रेंचमधलं ‘आव्वार’ जिभेवर, आणि ‘काम’ला शब्द आठवेना. मी म्हणाले, ‘मों पेर आ युन अँप्रिमरी.’ म्हणजे, माझ्या वडिलांचा छापखाना आहे.

मस्य म्हणाले, ‘अरे वा! म्हणजे मालक!’

चूक मला तत्क्षणी कळली. दुरुस्त करायला एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य मला येतही होतं. पण मस्यंच्या चेहऱ्यावर जो आदर उमटला तो मला इतका आवडला, की मी हसले आणि पाण्याचा पेला उचलला.

खोट्याचं पुढे काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. मालकाचं घर दोन खोल्यांचं कसं असेल? कसब्यातला आमचा वाडा. पुढे-मागे अशा दोन खोल्या, चौकात सात बिऱ्हाडांत एक नळ, मागच्या बोळात सात बिऱ्हाडांत दोन संडास. पुढच्या दोन आठवड्यांत चौकातल्या प्राजक्ताची ‘बाग’ झाली, मला स्वतःची खोली मिळाली, आणि माझ्या खोलीच्या खिडकीतून ती बाग दिसू लागली. मैत्रीण डोळे मोठे करून ऐके. ‘पुढच्या वर्षी मी तुझ्या खोलीत झोपणार,’ ती म्हणे.

हे सगळं कोणासाठी? ते लोक काही श्रीमंत नव्हते. त्यांचं घर म्हणजे तिकडच्या पांढुरक्या, मऊ चुनखडीच्या दगडाचं जुनं खेडवळ घर, मागे परसात कोंबड्या आणि ससे. मस्य कामगार संघटनेचे माणूस. त्याच वर्षी १० मे रोजी फ्रान्सुआ मितराँ निवडून आले होते आणि मस्य त्या आनंदातून अजून उतरले नव्हते. रविवारी त्यांचे मेव्हणे आले की भांडण ठरलेलं. सरकार बँका ताब्यात घेणार म्हणून मेव्हणे संतापलेले. अशाच एका दुपारी, मला वाटतं सायकल शर्यतीचा शेवटचा दिवस होता आणि टीव्हीवर हिनो जिंकताना दिसत होता, मस्यंनी मला मध्ये ओढलं. ‘तुमच्याकडे बँका सरकारच्या आहेत ना? सांग यांना.’ परीक्षेसाठी पाठ केलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं. मी सांगितलं, १९ जुलै १९६९ला चौदा आणि १५ एप्रिल १९८०ला आणखी सहा. आमच्या तालुक्यांत, खेड्यांत बँक पहिल्यांदा गेली ती त्यानंतर. मेव्हण्यांनी विचारलं, ‘आणि रांगा?’ मी म्हटलं, ‘रांगा आहेत. पण रांगेत शेतकरीसुद्धा आहे.’ मस्यंनी टेबलावर मूठ आपटली. त्या घरात मी खरं बोलून मिळवलेली ही पहिली शाबासकी. छापखान्याच्या मालकीपेक्षा ती कितीतरी मोठी होती, हे मला कळलं. पण कळूनही मी काही केलं नाही.

संधी आणखीही आली. एका शनिवारी मस्य आम्हाला साशेला घेऊन गेले. बाल्झाक या कादंबरीकाराचा जन्म तूरचा, १७९९चा. साशेच्या एका स्नेह्याच्या वाड्यात तो सावकारांपासून दूर येऊन लिहीत बसे. आता तिथे संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर त्याची खोली इतकी लहान की मला आमची मागची खोली आठवली. पलंग, लहानसं टेबल, खिडकीतून दिसणारी झाडं. मस्य मला म्हणाले, ‘तुला हे आवडेल. तरुणपणी यानं पॅरिसमध्ये छापखाना काढला होता. दिवाळं निघालं. आयुष्यभर कर्ज फेडत होता. तुझ्या वडिलांना सांग, तुमच्याच धंद्यातला माणूस!’ मी तिथे म्हणू शकले असते, की माझे वडील बाल्झाक नाहीत, त्याच्या छापखान्यात उभं राहून खिळे जुळवणारे आहेत. त्यांची बोटं शिशानं काळी झालेली असतात आणि उलटं अक्षर ते सुलट अक्षरापेक्षा लवकर वाचतात. त्या खोलीत ते वाक्य किती शोभलं असतं! मी म्हटलं, ‘सांगते.’

आता मेमेबद्दल. ती सत्तरीच्या पुढची, काळा झगा, वर फुलाफुलांचा अंगरखा, पायांत लाकडी तळाचे बूट. पाव कापण्याआधी सुरीच्या टोकानं त्यावर क्रूस काढायची आणि पाव पालथा ठेवलेला तिला खपत नसे. माझ्याशी ती फार बोलत नसे, कारण तिचं बोलणं मला नीट कळत नसे आणि माझं तिला. पण सकाळी परसात घेवडा खुडायला मी तिच्याबरोबर जाई. मी साडेचारला उठे. आमच्या वाड्यात पाणी पाचला येई आणि साडेसहाला जाई. ती सवय समुद्र ओलांडून आली होती. आणखी एक सवय आली होती. रात्री झोपण्याआधी मी स्वयंपाकघरातल्या दोन रिकाम्या बाटल्या आणि एक मोठं पातेलं नळाखाली भरून झाकून ठेवी. पहिल्या दिवशी हात आपोआप गेला, आणि मग रोजच गेला. सकाळी ते पाणी मेमे निमूटपणे घेवड्याला घाली.

दहा-बारा दिवसांनी एका सकाळी तिनं शेंगा सोलता सोलता विचारलं, ‘तुमच्याकडे पाणी कोण भरतं?’

मी म्हटलं, ‘नळ आहे.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘आमच्याकडेही आता आहे.’ मग तिनं परसाच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे एक पडकी लाकडी खोपटी होती, ससे ठेवत ती. ‘तो संडास. माझा मुलगा लग्न करून आला तेव्हा सून तिथेच जायची. हिवाळ्यात बर्फ तुडवत. आणि पाणी त्या विहिरीचं.’ माझ्या मनात युरोप म्हणजे राजवाडे. पुढे कधीतरी तिथल्या जनगणनेचे आकडे वाचनात आले. १९५४मध्ये फ्रान्समधल्या चारांतल्या साधारण एकाच घराच्या आत संडास होता. म्हणजे मेमे आपल्या घराची गोष्ट सांगत होती ती निम्म्याहून जास्त देशाची होती. सांगून झाल्यावर ती थांबली. माझ्याकडे न बघता शेंगा सोलत राहिली. माझी पाळी होती. मी एकही शब्द बोलले नाही.

शेनोंसोचा राजवाडा मी मेमेबरोबर पाहिला. राजवाडा कसला, नदीवर उभी असलेली कविताच. दियान द प्वातिए या राजाच्या लाडक्या बाईनं नदीवर पूल बांधला आणि राजा मेल्यावर राणी कॅथरीननं तिला बाहेर काढून त्या पुलावर लांबच लांब दालन उभं केलं. गाईड हे सगळं रंगवून सांगत होती. मेमेला त्यात रस नव्हता. ती मला दालनाच्या पार टोकाला, दक्षिणेकडच्या दारापाशी घेऊन गेली.

१९४०च्या जूनमध्ये फ्रान्सनं शरणागती पत्करली आणि देशाचे दोन भाग झाले. उत्तरेला जर्मनांच्या ताब्यातला, दक्षिणेला नावापुरता मोकळा. त्या भागात सीमारेषा या शेर नदीवरूनच जात होती. त्यामुळे राजवाड्याचं पुढचं दार ताब्यातल्या मुलखात आणि या दालनाचं मागचं दार मोकळ्या मुलखात! काही लोक या दालनातून निसटले. ‘आम्ही मात्र साधी माणसं, आम्ही नावेतून,’ मेमे म्हणाली. तिची सख्खी बहीण समोरच्या काठावर दिलेली. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. पण पलीकडे जायला परवाना लागे आणि पत्र लिहायला बंदी. काही महिन्यांनी छापील कार्डं निघाली. त्यांवर शब्द आधीच छापलेले असत. ‘प्रकृती चांगली’, ‘थकलेले’, ‘आजारी’, ‘जखमी’, ‘मृत’, ‘कैदेत’. जे लागू नसेल ते खोडायचं, बाकी मजकूर लिहायचा नाही.

‘मग आम्ही त्याच शब्दांतून बोलायला शिकलो,’ ती म्हणाली. ‘बहिणीचं कार्ड आलं की आई आजारी, तर समजायचं, काठावर पहारा वाढलाय, येऊ नका. आमची आई मरून तेव्हा सहा वर्षं झाली होती.’

आणि ती हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते.

चौदा जुलैला खेड्यात बंबवाल्यांचा नाच झाला, नदीवर आतषबाजी झाली, मी साडी नेसून गेले आणि मेयरसाहेबांनी माझ्याबरोबर फोटो काढला. काकूंना मी पोळ्या शिकवल्या, त्यांनी मला जर्दाळूचा मुरंबा शिकवला. निरोपाच्या दिवशी स्टेशनवर मैत्रीण रडली, मी रडले, मस्य नाक शिंकरत होते. ‘पुढच्या जुलैत,’ ती ओरडली. गाडी सुटली आणि माझ्या पोटात खड्डा पडला तो विरहाचा नव्हता.

पुण्यात परत आल्यावर काही महिने बरे गेले. जानेवारीत तिचं पत्र आलं. तिकिटासाठी ती द्राक्षाच्या तोडणीला गेली होती, पैसे जमलेत, तारीख कळव.

घरात मी ते पत्र वाचून दाखवलं, कारण फ्रान्सचं तिकीट असलेलं पाकीट लपवणं वाड्यात शक्यच नव्हतं. आई म्हणाली, येऊ दे की पोरीला. बाबांनी वाड्याच्या मालकांना विचारून समोरची रिकामी खोली एका महिन्यासाठी मागून घेतली. चुना आणला. शेजारच्या मावशींनी त्यांच्या संडासाला कडी बसवून तो पाहुणीसाठी राखून ठेवायचं कबूल केलं. म्हणजे सात बिऱ्हाडांचा तो सार्वजनिक समारंभ झाला. कुणालाही कशाची लाज नव्हती. लाज एकट्या मला.

मी पत्र लिहिलं. ‘आईची प्रकृती फार बिघडली आहे. या वर्षी तुला बोलावणं शक्य दिसत नाही.’ आई तेव्हा चौकात पापड वाळत घालत होती.

चार दिवसांनी बाबा छापखान्यातून उशिरा आले. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही काढलं. लग्नपत्रिकांच्या उरलेल्या जाड कार्डांवर, कामाची वेळ संपल्यावर, मालकांच्या परवानगीनं त्यांनी स्वतः जुळवून ट्रेडलवर छापलेली दहा कार्डं. रोमन लिपीत, निळ्या शाईत, ‘बिएंवन्यु आ पुने’. पुण्यात स्वागत. स्पेलिंग त्यांनी मला आठवडाभर आधी विचारलं होतं, तेव्हा मला वाटलं, सहज विचारताहेत. त्या वेळी मी म्हटलं होतं, या ‘आ’वर एक तिरपी रेघ लागते. ‘नसली तर?’ ‘नसली तर त्याचा अर्थ ‘आहे’ असा होतो, मालकीचं असणं. उच्चार एकच, पण अर्थ बदलतो.’ छापखान्यात इंग्रजी खिळे होते, रेघेचा ‘आ’ कुठून असणार? बाबांनी दहाही कार्डांवर ती रेघ टाकानं, निळ्या शाईत, हातानं काढली होती.

मी म्हटलं, ‘बाबा, तिचं पत्र आलंय. ती येत नाही.’

‘असं?’ बाबा म्हणाले. ‘असेल काही अडचण. परक्या मुलखातली माणसं, इतक्या लांब पोरीला धाडायचं म्हणजे...’ आणि त्यांनी कार्डं फडताळात ठेवली. मग आईनं ती एकेक करून वापरली. कोरी पाठ तिला वाया घालवणं शक्य नव्हतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस मैत्रिणीचं उत्तर खरंच आलं. आईच्या तब्येतीची चौकशी, आणि शेवटी, ‘नाहीतरी मलाही यंदा परीक्षा आहे, त्यामुळे जमलंच नसतं.’ मी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्या वर्षी मी बँकेत लागले. चार-पाच वर्षं नाताळची कार्डं आली-गेली, मग ती थांबली. बँकेत ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात आणि दर सहामाहीला साहेब विचारतो, याचं काय झालं? माझ्या या नोंदीबद्दल विचारणारा साहेब कुणी नव्हता. बाबा १९९४मध्ये गेले. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

२०१३मध्ये माझ्या मुलीनं फेसबुकवर मैत्रिणीला शोधून काढलं. २०१४च्या डिसेंबरात ती नवऱ्याबरोबर अजिंठा-वेरूळ पाहायला आली आणि चार दिवस आमच्याकडे कोथरूडला राहिली. केस पिकलेले, गुडघे दुखणारे, हसणं तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत माझं फ्रेंच गंजलं होतं, पण या गोष्टीला लागणारी सगळी वाक्यं पाठ होती.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘मेमेला माहीत होतं.’

माझं पत्र आलं तेव्हा मेमेनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं होतं. ‘आई आजारी,’ ती म्हणाली, ‘हे युद्धातलं कार्ड आहे. त्या मुलीच्या घरी रात्री पाणी नसतं. तिला पुन्हा विचारू नकोस. लिही, मलाही परीक्षा आहे.’ परीक्षा वगैरे काही नव्हती. मेमे १९८६मध्ये गेली.

‘मी मात्र तुझ्यावर दोन वर्षं रागावले होते,’ मैत्रीण म्हणाली. ‘मेमेवरसुद्धा. द्राक्षं तोडून माझे हात सोलले होते. त्या पैशांतून मी शेवटी स्कूटर घेतली. मी जमिनीवरसुद्धा झोपले असते.’ हे ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली नाही. तिच्या आवाजात इतक्या वर्षांनीही थोडी धार होती, आणि ती असायलाच हवी होती.

दुपारी आम्ही कसब्यात गेलो. वाडा २००५मध्येच पडला. तिथे आता पाच मजली इमारत आहे, चौकाच्या जागी स्कूटरी लावतात. तिनं विचारलं, नळ कुठे होता? मी अंदाजानं एका खांबाजवळ उभी राहिले. संडास कुठे, प्राजक्त कुठे, आणि ती समोरची खोली, जी माझ्यासाठी चुना लावून ठेवली होती? मी बोट दाखवत गेले आणि ती प्रत्येक ठिकाणी जाऊन उभी राहिली. वॉचमनला वाटलं, आम्ही फ्लॅट बघायला आलोय.

घरी आल्यावर मी आईची पाककृतींची वही काढली. आई गेल्यावर त्यात मला दहांपैकी उरलेलं एक कार्ड सापडलं होतं. कडा पिवळ्या पडलेल्या, पण निळी शाई शाबूत. मैत्रिणीनं ‘आ’वरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. ‘ही छापलेली नाही.’

‘नाही. ती बाबांनी काढली.’

‘हे मी नेऊ?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘एकच उरलंय.’

तिनं मान हलवली. मग कार्ड उलटलं आणि मागच्या पेन्सिलीच्या अक्षरांत काय लिहिलंय ते मला वाचायला लावलं. तूरडाळ दोन किलो, गूळ अर्धा किलो, रवा, मोहरी, काडेपेट्या चार. तिनं मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून घेतले.